थंड शेकरच्या परवानगीचा माझा अनुभव

सांगलीतील एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी सेराशिया मार्सेसन्स या जिवाणूचे कायटिनेज, म्हणजे कायटिन हा पदार्थ तोडणारे विकर (एन्झाइम), ई. कोलाय या जिवाणूच्या बीएल२१ (डीई३) या वाणाच्या पेशींत तयार करत होते. द्राक्षबागांत भुरी आणणाऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, म्हणून हेच विकर निवडले. जनुक प्लास्मिडमध्ये (जिवाणूत जनुक वाहून नेणाऱ्या वर्तुळाकार डीएनएमध्ये) बसले, आणि ते प्लास्मिड असलेल्या पेशीच जिथे वाढतात त्या कॅनामायसिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर वसाहतीही आल्या.

अडले ते पुढे. ३७ अंशांवर आयपीटीजी हे जनुक सुरू करणारे रसायन घातले की प्रथिन भरपूर बनत होते, पण पेशी फोडून गाळ आणि वरचा द्रव वेगळे केल्यावर, प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर सुमारे ५८ किलोडाल्टन वजनाच्या या प्रथिनाचा ठळक पट्टा सगळा गाळात दिसे आणि वरच्या द्रवात जवळजवळ काहीच नसे. या पेशींतल्या टी७ पॉलिमरेज या जनुक वेगाने वाचणाऱ्या विकरामुळे प्रथिन इतक्या झपाट्याने बनते की नीट घडी पडण्याआधीच रेणू एकमेकांना चिकटून गाठी होतात. यावर सर्वमान्य उपाय म्हणजे पेशी १८ अंशांवर रात्रभर वाढवणे. आमचा शेकर (ठरावीक तापमानाला फ्लास्क हलवत ठेवणारे यंत्र) मात्र फक्त तापवणारा होता आणि सांगलीतल्या एप्रिलमध्ये त्यात १८ अंश मिळणे शक्यच नव्हते. थंड करणारा शेकर शेजारच्या विभागात आच्छादन घालून ठेवलेला होता.

तो रात्रभर मिळावा म्हणून दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्यांचा अर्ज मी कार्यालयात दिला, आवक क्रमांक पडला आणि अर्ज त्याच टेबलावर राहिला. आधी साहेब रजेवर, मग ‘रात्री जबाबदार कोण?’ असा शेरा, मग हमीपत्र, मग हमीपत्राच्या मूळ प्रतीवर मार्गदर्शकांची सही. प्रकल्पाला एकच सत्र मिळते, याची त्या टेबलावर कुणालाही फिकीर नव्हती, याचा मला आजही संताप येतो. शेवटी परवानगी आली ती रात्री विद्यार्थ्याने थांबायचे नाही, या अटीवर.

त्या अटीवर स्वयंप्रेरण माध्यमाने, म्हणजे ग्लुकोज आणि लॅक्टोज दोन्ही असलेल्या वाढद्रवाने, मार्ग काढला. पेशी आधी ग्लुकोज संपवतात, मग लॅक्टोजकडे वळतात आणि प्रथिननिर्मिती आपोआप सुरू होते, त्यामुळे रात्री आयपीटीजी घालायला कुणी लागत नाही. संध्याकाळपर्यंत पेशी आमच्याच शेकरमध्ये ३७ अंशांवर वाढवून मग थंड शेकरमध्ये ठेवल्या. या वेळी पट्टा वरच्या द्रवात आला. हवे ते प्रथिन धरून ठेवणाऱ्या निकेल स्तंभातून शुद्ध केलेल्या विकराचा थेंब कोलॉइडल (अतिसूक्ष्म कणांच्या) कायटिनच्या दुधाळ प्लेटवर ठेवल्यावर भोवती पारदर्शक वर्तुळ उमटले, म्हणजे विकर कायटिन तोडत होते, तेव्हा मला मनापासून अभिमान वाटला.

असे काम हाती घेणाऱ्यांनी जनुक मागवतानाच शेकरचा अर्ज द्यावा, त्यात रात्री कुणी थांबणार नाही हे आपणहून लिहावे आणि आवक क्रमांकाची पोच जपून ठेवावी. जैवसुरक्षा समितीला काम सुरू करण्यापूर्वीच कळवावे लागते. फ्लास्क पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भरू नये, कारण प्राणवायू कमी पडला की पेशींची वाढच खुंटते.