सोनेगाडी नमुना: १८० नॅनोसेकंदांवरची रेघ सुटली

पोलंडमधल्या वाउबझिखजवळ रुळांशेजारी नाझींची सोन्याने भरलेली गाडी पुरलेली आहे, असा दावा २०१५ साली जीपीआरच्या (जमिनीत रेडिओलहरी सोडून परतलेली लाट टिपणारं रडार) चित्रांवरून झाला होता. तशी चित्रं कशी उमटतात हे मी संगणकी नमुन्यात तपासतोय. मागच्या नोंदीत १८० नॅनोसेकंदांवरच्या ज्या आडव्या रेघेचा उलगडा होत नव्हता, तो आता झाला. आधी चूक सांगतो. जीपीआरमॅक्स या जीपीआरचा नमुना चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रेल्वे कटिंगचा द्विमित छेद १० सेंमी सेलने (जाळीतला एक चौकोन) चालवला होता. १०० मेगाहर्ट्झच्या रिकर तरंगात (स्रोताच्या स्पंदाचा ठरलेला गणिती आकार) वरची वारंवारता २८० मेगाहर्ट्झच्या आसपास जाते. ०.१ मीटर प्रति नॅनोसेकंद (मी./नॅसे.) वेगाच्या खडकात तिची तरंगलांबी ३६ सेंमी, म्हणजे एका तरंगाला जेमतेम साडेतीन सेल. त्यामुळे प्रत्येक स्पंदामागे शेपूट उमटायची आणि तिलाच आपण 'दुसरा थर' म्हणत होतो. आता सेल ३ सेंमी, क्षेत्र ४२ × १५ मीटर, स्रोत पीएमएलपासून (कडेचा लाटा शोषून घेणारा थर) २० सेल आत. शेपूट गेली. रेघ तशीच राहिली, पण आता स्वच्छ!

ती जमिनीखालची नाहीच. समोरच्या उतारावर आपटून हवेतून परतलेली लाट आहे. हवेत वेग ०.३ मी./नॅसे., म्हणून २७ मीटरवरचा उतार १८० नॅसे.ला उमटतो, तोच आकडा खडकाच्या वेगाने वाचला की खोली बरोबर ९ मीटर. रुळांना समांतर चाललं की उताराचं अंतर बदलत नाही, रेघ डब्याच्या टपासारखी सपाट येते. शील्डेड (वरून-बाजूंनी झाकलेला) अँटेना घेतला तरी ही लाट पुरती अडत नाही.

पारख सोपी आहे. अँटेना उताराकडे १ मीटर सरकवा. हवेतली रेघ ६.७ नॅसे. आधी उमटते. खाली ९ मीटरवर खरोखर काही असेल तर फरक फक्त १.१ नॅसे. नमुन्यात ६.७ मिळाले.

वाउबझिखजवळ रेल्वेमार्गाच्या ६५व्या किलोमीटरवर २०१५ साली हेच घडलं, असं यातून सिद्ध होत नाही. पण गाडी मानणाऱ्यांनी सपाट रेघेला पुरावा म्हणणं थांबवावं. न मानणाऱ्यांचं 'जीपीआरला ९ मीटर दिसतच नाही' हेही चुकीचं आहे. कोरड्या खडकात (वाहकता १ मिलिसीमेन्स/मी., डायइलेक्ट्रिक स्थिरांक ९) जाऊन-येऊन शोषणाने सुमारे १० डेसिबल जातात. ओल्या चिकणमातीत (वाहकता ३०, स्थिरांक २५) १७७ डेसिबल. तिथे विषय संपला.

नुसती रंगीत चित्रं दाखवणारं, कच्चे ट्रेस (प्रत्येक जागी टिपलेला मूळ सिग्नल) न देणारं जीपीआर यंत्र कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. वरची पारख त्यावर करताच येत नाही.

पुढचा बेत पुरलेल्या डब्याचा त्रिमित नमुना करण्याचा होता. हे लिहिता लिहिता तो बदलतोय. आधी चुंबकीय बाजू घेऊ. २० टनांचा एक डबा, किलोमागे ०.१ अँपिअर-चौ.मी. चुंबकीय आघूर्ण धरला तर अक्षावर १० मीटरवर ४०० नॅनोटेस्ला. प्रोटॉन मॅग्नेटोमीटरला १ नॅनोटेस्लाही कळतो. अडचण चालू रुळांची आणि ओव्हरहेड तारेची, म्हणून ग्रेडिओमीटरचीच (एकावर एक दोन सेन्सर ठेवून त्यांच्यातला फरक मोजणारी) मांडणी करावी लागेल. क्राकूवच्या एजीएच विद्यापीठाच्या पथकाने डिसेंबर २०१५ मध्ये 'बोगदा असू शकेल, गाडी नाही' असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या हाती चुंबकीय मोजणीही होती. माझ्या मते त्या निष्कर्षातला भक्कम भाग तोच. ऑगस्ट २०१६ च्या खोदकामात ना गाडी निघाली, ना रूळ, ना बोगदा.

उतार २०, २७ आणि ३५ मीटरवर ठेवून तीन रन आज रात्री लावतोय. रुळांचा गोंगाट ग्रेडियंटमध्ये कसा मांडायचा हे कुणी केलं असेल तर सेन्सरमधलं उभं अंतर नक्की कळवा. मी १ मीटर धरलंय.