तुम्ही विचारलंत म्हणून : एवढ्याशा बेटावर एवढे गुन्हे?

‘बर्जरॅक’ ही जुनी ब्रिटिश डिटेक्टिव्ह मालिका बघा असं मी कुणाला सुचवलं, की दोन-तीन भाग झाल्यावर तो माणूस हमखास विचारतो, “अहो, जर्सी म्हणजे नऊ मैल लांब आणि पाच मैल रुंद बेट, तेव्हाची वस्ती जेमतेम पाऊण लाख. त्यावर 87 भाग? इतके चोर, भामटे आणि खुनी आणले कुठून?”

बाहेरून आणले. गंमत सगळी त्यातच आहे.

ही मालिका बीबीसीवर ऑक्टोबर 1981 मध्ये सुरू झाली आणि 1991 च्या नाताळात संपली. निर्माता रॉबर्ट बँक्स स्टुअर्टची आधीची गुप्तहेर मालिका ‘शूस्ट्रिंग’ चांगली चालली होती, पण नायक ट्रेव्हर ईव्हने दोन सीझननंतर रामराम ठोकला. नवं काहीतरी हवं होतं. स्टुअर्टने जर्सी बेट निवडलं, आणि माझ्या मते अर्धी लढाई तिथेच जिंकली. जर्सी ब्रिटिश राजमुकुटाच्या छायेत आहे, पण युनायटेड किंगडमचा भाग नाही. विधिमंडळ स्वतःचं, कायदे स्वतःचे, नोटासुद्धा स्वतःच्या. इंग्लंडपेक्षा फ्रान्सचा किनारा जवळ, अवघ्या 22 किलोमीटरवर.

आणि कर! प्राप्तिकराचा दर 1940 पासून 20 टक्के. मालिका सुरू झाली तेव्हा ब्रिटनमध्ये कमाईवरचा वरचा दर 60 टक्के होता. म्हणजे ज्याच्याकडे पैसा आहे त्याची नजर जर्सीकडे वळणारच. पण बेटही तयारीचं. 1949 च्या कायद्यानं घर कोण घेऊ शकतो यावर कडक बंधनं घातलेली. बाहेरून येऊन घर घ्यायचं तर एक तर तुम्ही बेटाला अत्यावश्यक हवेत, नाहीतर गडगंज. बाकीचे हॉटेलात आणि बटाट्याच्या शेतात हंगामापुरते राबायला येणार आणि परत जाणार.

आता या बेटावर पोलिसांचं एक खास खातं आहे अशी कल्पना करा, जे फक्त परक्यांची प्रकरणं हाताळतं. नाव ‘ब्युरो देझेत्रांजे’. असं खातं जर्सीत कधीच नव्हतं, ते मालिकेसाठी रचलेलं. पण रचणाऱ्याला दाद द्यायला हवी. पर्यटक, करबुडवे, यॉटवाले, अज्ञातवासातले गुंड, दागिने लांबवणारी फिलिपा व्हेल, प्रत्येकाला आत यायला रीतसर दार मिळालं. गुन्ह्यांची खाण बेटाच्या पोटात नव्हती, बंदरावर होती. ती दहा वर्षं पुरली यात नवल ते काय?

खरी व्यवस्था मात्र याहून मजेदार आहे आणि मालिकेनं तिच्यावर पुरेसा जीव लावला नाही, ही माझी तक्रार. जर्सीत पगारी पोलीस आहेतच, शिवाय बारा पॅरिशांमध्ये, म्हणजे बेटाच्या स्थानिक विभागांमध्ये, बिनपगारी, निवडून आलेले मानद पोलीस आहेत. आपल्या पोलीस पाटलाची आठवण यावी असे, फक्त अधिकार बरेच जास्त. आरोपीवर रीतसर आरोप ठेवायचा तो त्यातल्या ‘सेंटेनियर’नेच. पगारी पोलिसानं कितीही घाम गाळला तरी शेवटी या शेजारच्या गृहस्थाकडे जावं लागतं. केवढी नाट्यं निघाली असती!

मालिकेचा नायक जिम बर्जरॅकबद्दल मी फार बोलत नाही. जॉन नेटल्स उत्तमच आहे, पण दारू सोडलेला, पायाला दुखापत झालेला, घटस्फोटित डिटेक्टिव्ह आता आपल्याला पाठ झालाय. त्याची 1947 ची ट्रायम्फ रोडस्टर गाडी सगळ्यांना आवडते. मला तिच्यातून केलेले पाठलाग बघताना हसू येतं, कारण अख्ख्या बेटावर वेगमर्यादाच ताशी 40 मैल.

मला आवडतो तो चार्ली हंगरफर्ड. जिमचा सासरा, तोही काडीमोड झालेल्या बायकोचा बाप. आपल्याकडे जावयाला दशमग्रह म्हणतात. इथे सासराच तो ग्रह. यॉर्कशायरहून आलेला धनाढ्य, हातात सिगार, प्रत्येक सौद्यात बोट घातलेलं. बंगल्यात मेजवानी चाललीय, दारात जिम उभा, आणि ज्या पाहुण्याची चौकशी करायची तो नेमका चार्लीचा ताजा भागीदार! चार्लीचा चेहरा पडतो, क्षणात सावरतो, आणि तो जिमलाच प्यायला काय हवं विचारतो. टेरेन्स अलेक्झांडरनं हा माणूस असा उभा केलाय की त्याच्यावर रागवता येत नाही. परका, पण पैशामुळे घरचा झालेला. बेटाचा सगळा हिशेब त्याच्यात दिसतो.

मग आता जरा जड भाग. वाईट ते बोटीतून येतं, बेट बिचारं भलं, हे मालिकेचं गृहीतक. ब्युरोचं मुख्यालय म्हणून जी इमारत वापरली गेली ती ‘ओ द ला गारेन’, 1986 पर्यंत मुलांचं अनाथालय. 2008 मध्ये तिथल्या जुन्या अत्याचारांचा पोलीस तपास जगभर गाजला. पुढे स्वतंत्र चौकशी समितीनं 2017 मध्ये अहवाल दिला : जर्सीच्या व्यवस्थेनं आपल्या ताब्यातल्या मुलांना कित्येक दशकं वाऱ्यावर सोडलं होतं. ती इमारत पाडण्याचा विचार करा, असंही समितीनं सुचवलं. हे कळल्यापासून त्या दारातून जिम बाहेर पडताना दिसला की माझं कथेवरचं लक्ष उडतं. परक्यांची चौकशी करणारं खातं, आणि पत्ता तो!

कलाकारांना याचा दोष नाही. उलट नेटल्सनं पुढे जर्मनांच्या ताब्यातल्या, 1940 ते 1945 च्या चॅनेल बेटांवर (जर्सी आणि तिच्या शेजारची बेटं) माहितीपट केला, पुस्तक लिहिलं. शत्रूशी कोणी किती जुळवून घेतलं हा विषय तिथे अजून दुखरा आहे, आणि तो त्यानं टाळला नाही.

2025 मध्ये नवी ‘बर्जरॅक’ आली. त्यात जिमच्या भूमिकेत डेमियन मोलोनी आहे आणि चार्ली चक्क सासूबाई झाल्यात, झोई वॉनमेकर. पहिल्या सीझनच्या सहा भागांत एकच प्रकरण. नीटनेटकी आहे, पण दर आठवड्याला नवा उपरा उतरण्याची ती जत्रा गेली.

तेव्हा बघायचीच तर जुनी, अगदी पहिल्या भागापासून. शेवटच्या सीझनमध्ये जिम पोलिसातून बाहेर पडून प्रोव्हान्सला जातो, तो सोडलात तरी चालेल. बेट सुटलं की मालिकेत फारसं काही उरत नाही.