भाग २ चा रफ कट: घाटावर एवढे झोंबी, आणि लोक हसतात

आम्ही सांगलीत झोंबींचा, म्हणजे चालत्या मढ्यांचा, पिक्चर करतोय; त्याच्या भाग २ चा रफ कट, म्हणजे कच्ची जोडणी, काल रात्री लावला. घाटाचा प्रसंग सुरू झाला आणि मागं बसलेले दोघं चक्क हसायला लागले. गेल्या अपडेटमध्ये ज्याचं मी तोंड भरून कौतुक केलं होतं तोच हा प्रसंग: पहाटेचा माई घाट, धुकं, पायऱ्यांवरून उतरणारा झोंबींचा लोंढा. भाग १ मध्ये उसाच्या फडात चारच झोंबी होते, तेही शर्ट बदलून बदलून फिरवलेले. तरी बघणारे पाय वर घेऊन बसायचे. आता एकांकिकावाली पोरं, त्यांचे मित्र, मित्रांचे भाऊ अशी फौज उभी केली, तर पडद्यावर दिसते संकष्टीची गणपती मंदिराबाहेरची रांग.

पहिला संशय शटरवर, म्हणजे कॅमेरा प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड घेतो त्यावर. '२८ डेज लेटर'मध्ये (२००२) शटर वेगवान ठेवल्यामुळं संसर्ग झालेल्यांच्या हालचालींना ते झटके येतात, हे इथं सगळ्यांना पाठ आहे. घाटावर आम्हाला १/५० सेकंदावरच राहावं लागलं होतं. १/२५० केलं की दिव्यांचे पट्टे फ्रेमभर नाचतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि ते दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. म्हणून काही शॉट उजाडल्यावर, दिवे बंद झाल्यावर परत घेतले. झटके झकास आले. भीती नाही आली. मग गुरगुर काढून टाकली आणि नुसता पाण्याचा नि पायांचा आवाज ठेवला. थोडा फरक पडला, पण हसणारे हसलेच.

शेवटी संगणक बंद केला आणि 'ट्रेन टू बुसान' (२०१६) आणि त्याचा पुढचा भाग 'पेनिन्सुला' (२०२०) पाठोपाठ बघितले. दिग्दर्शक एकच, यॉन सांग-हो. दुसरा पहिल्याच्या जवळपासही जात नाही, हे माझं मत जुनंच आहे. पण का, हे या खेपेला वहीत लिहीत बसलो. लोक म्हणतात, पहिल्यातली माणसं दुसऱ्यात नाहीत म्हणून. हे मला पटत नाही. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या १९७८ च्या 'डॉन ऑफ द डेड'मध्ये १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मधलं एकही पात्र नाही, तरी आपल्यातले निम्मे जण त्याला पहिल्यापेक्षा वर ठेवतात. शिवाय त्यात मॉलमधले झोंबी सरकत्या जिन्यावर धडपडतात, हसूही येतं, आणि तरी पोटात गोळा येतो. म्हणजे हसू हाही आमचा खरा रोग नव्हे.

माझं उत्तर होतं जागा. बुसानमध्ये रेल्वेचा डबा, दोन सीटांमधली चिंचोळी वाट आणि एक काचेचं दार. काचेवर ओला पेपर चिकटवला की पलीकडचे शांत होतात, कारण त्यांना माणसं दिसेनाशी होतात. एवढ्या एका नियमावर पिक्चर किती वेळ खेळतो बघा! पेनिन्सुलात मोकळे रस्ते आणि भरधाव गाड्या, झोंबी फक्त चाकाखाली यायला. त्यातली ती रिमोटची खेळण्यातली गाडी दिवे लावून झोंबींना भुलवते, तो भाग मात्र मला मनापासून आवडतो. 'डॉन'ही 'नाइट'मधल्या शेतातल्या घरातून मोठ्या मॉलमध्ये गेला, पण दारं बंद करूनच. म्हणून ठरवलं होतं, घाट रद्द, सगळं हळदीच्या गोदामात हलवायचं.

हे इथवर टाइप केलं आणि '२८ डेज'च्या पुढच्या भागाची, '२८ वीक्स लेटर'ची (२००७) सुरुवात आठवली. दिवसाढवळ्या उघडं माळरान, नट रॉबर्ट कार्लाइल होडीच्या दिशेनं जीव घेऊन पळतोय. याहून मोकळी जागा कुठली? आणि त्या मालिकेत मला सगळ्यात जास्त घाबरवणारा प्रसंग तोच. कारण मागं घराच्या खिडकीत त्याची बायको आहे आणि तो तिला सोडून निघालाय. बुसानमध्येही अंगावर काटा येतो तो पुढच्या डब्यातली माणसं दार अडवून धरतात तेव्हा. पेनिन्सुलातही हा धागा आहे: रस्त्यात मदत मागणाऱ्या कुटुंबाला नायक ओलांडून जातो. पण पुढं गाड्यांच्या धुरळ्यात तो पार हरवतो. आणि आमच्या भाग १ मधल्या फडात? थोरला धाकट्याचा हात सोडतो. घाटावर कोणी कोणाला सोडतच नाही.

तर गोदाम रद्द, घाट कायम. लोंढा मागं, धूसर. पुढं एक होडी, तीत जागा कमी आणि शेवटच्या पायरीवर एक म्हातारी. कॅमेरावाला म्हणाला, होडी ही सरळ उचलेगिरी. मी म्हटलं, अरे, २०१९ चा पूर आठव. होडीत आधी कोण, हे सांगलीकराला लंडनच्या पिक्चरनं शिकवायची गरज नाही. तो गप्प बसला. म्हातारीसाठी नाटकातल्या एका काकूंना विचारलंय. संवाद एकही नाही म्हटल्यावर त्या जरा नाराज झाल्या, पण येतील.

एक गोष्ट मात्र फक्कड जमली: रक्त. आपल्या गावच्या हळदीत चुन्याची निवळी टाकली की लाल होते, त्यात चिमूटभर कॉफी घातली की कपड्यावर हुबेहूब वाळलेलं रक्त. फक्त कपड्यावर हां, चुना कातडीला लावायचा नाही. आणि लिंबू लांब ठेवा, थेंब पडला की झोंबीचा शर्ट परत पिवळा. तोंडासाठी लिक्विड ग्लुकोज, खायचा लाल रंग आणि कोको हेच बरं. ग्लुकोज केकचं सामान विकणाऱ्या दुकानातून घ्या. मेकअपच्या नावाखाली येणाऱ्या बाटल्या महाग असतात आणि दिव्याखाली जांभळ्या दिसतात.

धूसर लोंढ्यासाठी ८५ मिमीची लेन्स लागणार, माझ्याकडची ३५ मिमीची सगळंच स्वच्छ दाखवते. सांगली-मिरजेत कोणाकडे असेल तर दोन पहाटांसाठी द्या. ती फौजही आता एवढी नको, धूसरच दिसणार असेल तर सात-आठ जण आणि बदलायला शर्ट पुरेत.