आमची वाटचाल : भोसरीचा गाळा, काटा आणि नवापूर

१९९८ साली कोंबड्यांची टॉनिकं बनवायला भोसरीत भाड्याचा गाळा घेतला तेव्हा आमच्याकडे होतं काय, तर भुकटी मिसळायचा एक जुना रिबन ब्लेंडर, एक काटा आणि भागीदार म्हणून माझा मेहुणा. त्या काट्याला आजही मी कुणाला हात लावू देत नाही. कोंबड्यांच्या टनभर खाद्याला सेलेनियम हे खनिज अर्धा ग्रॅमसुद्धा लागत नाही. हात सैल पडला तर पक्षी दगावतो. म्हणून ते आधी किलोभर भुकटीत मिसळायचं, मग पाच किलोत, मग पंचवीसमध्ये. आणि कोलीन क्लोराइड, हाही खाद्यातलाच एक घटक, व्हिटॅमिनच्या पिशवीत आम्ही कधीच घातलं नाही. ते हवेतलं पाणी ओढतं आणि पिशवीतल्या व्हिटॅमिनांना मारतं. स्वस्त माल कसा बनतो, ते यातच आलं.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला. कुठे गुजरातची सीमा, कुठे दौंड-मुळशी! पण पुण्यात कोंबडीला कुणी हात लावेना. शेड रिकामे झाले, आमची साडेचार लाखांची उधारी अडकली. त्याच महिन्यात आमच्याकडेच पाच वर्षं पोती उचललेल्या एकाने 'बर्ड फ्लू रोधक' अशी पुडी काढली, आमच्या दुप्पट दराने. मी एक आणून ग्लासात टाकली. पाण्यातून द्यायची पावडर आणि तळाला चुना! तरी रांग त्याच्याच दारात. मेहुणा म्हणाला, "दाजी, आपणही छापू." मी नाही म्हटलं. त्याने हिशोब मागितला आणि गेला. दिवाळीला येतो अजून, पण तो विषय निघत नाही.

त्या मार्चमध्ये गाळ्यात आलेलं गिऱ्हाईक एकच, पौडच्या काकू. आठशे लेअर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या, पाळायच्या आणि एसटीने यायच्या.

"तुझ्या पुडीनं तो रोग थांबतो का रे?"

"नाही काकू."

"मग घेऊ कशाला?"

म्हटलं, लस दिली की कोंबडीच्या अंगाला जे लागतं तेवढं यात आहे, बाकी काही नाही. काकू थोडा वेळ बघत राहिल्या. "दे दोन किलो. पैसे मे महिन्यात." म्हणजे तीही उधारीच! पण मे महिन्यात आणून दिले, सुट्ट्या नोटांत.

आता लसीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. लासोटा, म्हणजे राणीखेत रोगाची लस, पाण्यातून पाजणार असाल तर टाकीतलं क्लोरीन आदल्या दिवसापासून बंद ठेवा, आणि लस टाकण्याआधी साय काढलेल्या दुधाची पावडर विरघळवा. ओला मका घेऊ नका. त्याला बुरशी येते, त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, लिव्हर खातं, मग लस धड लागत नाही आणि शिव्या आमच्या टॉनिकला.

पुढची वर्षं बरी गेली. २०२० मध्ये कोंबडीने कोरोना होतो अशी आवई उठली तेव्हा पहिला फोन मेहुण्याचा.

"दाजी, त्याची नवी पुडी आलीय. दर तिप्पट."