तुंगचा शेवटचा टप्पा

पवना धरणाजवळच्या तुंग किल्ल्याला आपण ट्रेकवाले सगळेच हलक्यात घेतो. 1075 मीटर म्हणजे कळसूबाईच्या 1646 पुढे काय, तुंगवाडीत गाडी लावली की तासाभरात माथा, म्हणून कोणीही काहीही पायात घालून निघतं. मीसुद्धा मावसभावाला हेच सांगून नेलं, की सोपा आहे रे, पहिला ट्रेक म्हणून हाच कर.

मारुतीच्या देवळापासून गोमुखी दरवाज्यापर्यंत खरंच काही त्रास झाला नाही. गणपतीच्या देवळापाशी बसून संत्री खाल्ली. खरा तुंग सुरू होतो तो त्याच्या पुढे, बालेकिल्ल्याला. मार्च महिना, गवत वाळून आडवं झालेलं आणि त्याखाली नुसती माती आणि बारीक खडी, म्हणजे घसारा. चढताना हा घसारा जाणवत नाही, कारण अंग पुढे झुकलेलं असतं, हात टेकता येतात. वर तुंगाईचं दर्शन घेतलं, खाली पवनेचं पाणी, तिकोना, लोहगड, विसापूर सगळं एका जागी उभं राहून दिसतं, तिथून हलावंसं वाटेना.

उतरायला लागलो आणि चार-पाच पावलांतच त्याचा पाय सटकला. जिमचे बूट होते, तळवे पार गुळगुळीत, आणि ते मी सकाळीच बघितलं होतं आणि काही बोललो नाही. आठ-दहा फूट घसरत गेला, एका दगडाला टाच अडकली म्हणून थांबला. त्या दगडाच्या पुढे काय होतं ते मला अजूनही रात्री आठवतं. तळहात सोलवटले, घोटा टम्म सुजला, आणि तासाभराच्या उताराला आम्हाला तीन तास लागले, त्यात दोघांत मिळून पाणी होतं एक लिटर, उन्हात सावली म्हणून कुठे नाही.

तेव्हापासून मी घसाऱ्यावर कुणालाही सरळ उतरू देत नाही. पाय आडवे टाकायचे, वाटलं तर सरळ बुड टेकून उतरायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि दोन माणसं एकाच रेषेत खालीवर नकोत, वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यात येतो. पावसाळ्यात हीच माती चिखल होते आणि पायऱ्यांवर शेवाळ धरतं. मे महिन्यात गेलात तर दुपारच्या आत खाली या, वळवाचे ढग भरून आले की त्या उघड्या माथ्यावर सगळ्यात उंच तुम्हीच असता, आणि वीज देऊळ-माणूस बघत नाही.

खाली गावात एका मावशींनी पायाला हळदीचा लेप लावून दिला आणि मला विचारलं, "काठी नाही नेली व्हय?" निघताना त्यांनीच घरातली एक काढून दिली. ती आता माझ्या गाडीच्या डिकीत असते, कायम.