डॉक्टरांनी मलाच विचारलं

आज डॉक्टरांनी फाईल मिटली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मलाच विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं, कानात हा आवाज कशामुळं होत असेल?"

"आता तुम्हीच सांगा की साहेब," म्हणून मी हसलो आणि उठलो. गांधी चौकात येईपर्यंत हसू जिरलं होतं. नंतर दिवसभर आडतीवर तुरीच्या पट्ट्या लिहीत बसलो. इतके कट्टे, इतकं वजन, हमाली वजा, तोलाई वजा, आणि मधेच, तुम्हाला काय वाटतं? मला काय वाटायचं! मला वाटलं असतं तर मी फी भरून तुमच्यासमोर कशाला बसलो असतो?

आतापर्यंत प्रत्येकाला काहीतरी वाटलेलं तरी होतं. एकानं मळ काढला. एकाला वाटलं, घशाकडून कानात जाणारी नळी तुंबली असेल, म्हणून नाकात मारायचा फवारा. एकानं मानेला पट्टा लावला. दाताच्या डॉक्टरनं जबड्याचा सांधा दाबून बघितला. चक्कर येत नसताना चक्करच्या गोळ्याही खाऊन झाल्या. डावा कान आहे तिथंच आहे. दडा बसलेला, जांभई देऊनही सुटत नाही, आणि आत तो आवाज. रातकिडा म्हणावा तर रातकिडा मधेच दम तरी खातो.

आवाज एकाच कानात असला की ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना, ते बघतात. म्हणून एमआरआय. तो नॉर्मल आला तेव्हा सुमननं सिद्धेश्वराला जाऊन नारळ फोडला. आक्का फोनवर रडलीच. आणि मला, इथं खोटं कशाला लिहू, हिरमुसल्यासारखं झालं. गाठ निघावी असं नाही हो. पण काहीतरी निघावं. आडतीवर कुणी विचारलं तर एक नाव सांगता यावं. "नॉर्मल आहे" म्हटलं की समोरचा माझ्याकडं असा बघतो, की मग सुट्टी कशाला मागायलास?

अण्णांचंही असंच सुरू झालं होतं का, विचारायचं राहून गेलं. असो.

त्या ऑडिओमेट्रीच्या खोलीतलं अजून कुणाला सांगितलेलं नाही. हेडफोन लावला, हातात बटण दिलं, बीप ऐकू आलं की दाबा म्हणाली ती मुलगी. दार लागलं. बाहेरचं सगळं बंद झाल्यावर माझाच आवाज असा चढला की मशीनचा कुठला आणि माझा कुठला, कळेना. शेवटी माझ्याच आवाजाला बटण दाबत बसलो. काचेतून तिनं नुसती मान हलवली, तिला सवय असावी. तिनं परत पहिल्यापासून घेतलं. रिपोर्टवर 250 ते 8000 हर्ट्झपर्यंत सगळ्या खुणा 20 डेसिबलच्या आत. मी विचारलं, माणसाला 20000 पर्यंत ऐकू येतं म्हणतात, मग 8000 च्या वर कोण बघितलं? डॉक्टर म्हणाले, नेहमीच्या तपासणीत तेवढंच बघतात, आणि वर काही सापडलं तरी उपाय बदलणार नाही.

नाही बदलणार. पण सापडलं तर असतं!

रात्री लाईट गेली. घरातले उकाड्यानं उठले, मी पंख्याच्या घरघरीवाचून. अंधारात बंडूनं मोबाईलवर वाचून दाखवलं. 1953 साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकण्यात दोष नसलेली 80 माणसं आवाजबंद खोलीत बसवली. काही मिनिटांतच 94 टक्के लोकांना काही ना काही ऐकू यायला लागलं, भुणभुण, शिटी, गुंगुं. म्हणजे थोडंफार सगळ्यांचंच वाजतंय, त्यांचं बाहेरच्या गोंगाटात झाकून जातं एवढंच. उरलेल्या सहा टक्क्यांत आमचे शेठ नक्की बसतील. त्यांना कुणाचंच ऐकू येत नाही, पगारवाढीचं तर मुळीच नाही. बंडू एवढा हसला की सुमन आतून ओरडली.

डॉक्टरांवरचा राग आता तेवढा राहिला नाही. इतक्या जणांत, मला सुचेना झालंय, असं तोंडावर कबूल केल्यासारखा हा एकटाच. महिन्यानं बोलावलंय. आवाज कधी वाढतो, कधी उतरतो, ते वहीत लिहून आणा म्हणाले. सौदे चालू असताना तो मेल्यागत गप्प असतो, हे आत्ताच लिहून ठेवतो. तिथं कानाशी हलगी बडवली तरी कळायचं नाही.

आक्कानं रुईच्या पानाचा रस सुचवलाय, कोमट करून घालायचा म्हणे. कानात काहीही घालायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, हे तिला सांगितलं. म्हणाली, "त्या डाक्टरला काय कळायलंय!" रस घालणार नाहीच, पण तेवढ्या मुद्द्यावर आज तिच्याशी भांडता आलं नाही.