चार-शून्यनंतरचा गोल

फुटबॉलच्या सामन्यात संघ चार-शून्य असा मागे पडलेला असतो, खेळाची दहा-बारा मिनिटे उरलेली असतात, आणि अशा वेळी हरणाऱ्या संघातल्या एकुलत्या एका चांगल्या खेळाडूने गोल केला, तर त्यानंतरच्या चार-पाच सेकंदांत तो काय करतो हे निरखण्याची मला फार जुनी सवय आहे. तो हात पसरून धावत नाही, प्रेक्षकांकडे पाहत नाही. तो थेट जाळ्यात शिरतो, तिथे घुटमळणारा चेंडू हिसकावल्यासारखा उचलतो आणि काखेत मारून मध्यवर्तुळाकडे पळत सुटतो. त्याला घाई असते. तीन गोल अजून फेडायचे आहेत आणि ते फेडता येतील, असे त्या मैदानावर बहुधा त्याला एकट्यालाच वाटत असते.

हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिले ते शाळेच्या संघात खेळताना. मी उजव्या बाजूचा बचावपटू होतो. म्हणजे ज्याला दुसरीकडे कुठेही उभे करता येत नसे, त्याला जिथे उभे करतात तिथे मी उभा असे. आमच्या संघात खराखुरा खेळाडू एकच होता आणि बाकीचे आम्ही दहा जण त्याच्या भोवतीची गर्दी होतो. एका सामन्यात चार गोल खाल्ल्यावर त्याने मधल्या रेषेपासून चेंडू नेत तिघांना चकवून एक गोल केला, चेंडू उचलून आणला, वर्तुळात ठेवला आणि मागे वळून पाहिले, तेव्हा आमच्यातले काही जण अजून खाली वाकून मोजे सारखे करत होते. सामना पाच-एकने गेला. पाचवा गोल माझ्या बाजूने झाला, हे ओघाने आलेच. शाळेच्या वहीत त्या दिवसापुढे ‘पराभूत, १-५’ एवढीच नोंद झाली, आणि त्या नोंदीतल्या ‘१’ या आकड्यात तो मुलगा नेमका कुठे आहे, हे वही वाचणाऱ्याला कधीच कळणार नाही.

मोठ्या खेळाडूंचेही पुढे थोडेफार असेच होते. ज्यांनी एखाद्याला डोळ्यांनी पाहिलेले असते त्यांना पुराव्याची गरज नसते. पण ती माणसे हळूहळू कमी होत जातात आणि निकाल ज्यांच्या हाती जातो त्यांच्याकडे चषकांची यादी तेवढी असते. यादी वाचायला सोपी, भांडणात फेकायला त्याहून सोपी. गंमत अशी की खेळ ताजा असतानाचा निवाडा पुष्कळदा याच्या उलट असतो. १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या सलग सहा विश्वचषकांमध्ये स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा ‘गोल्डन बॉल’ जिंकणाऱ्या संघाकडे एकदाही गेला नाही. रोनाल्डो, ऑलिव्हर कान, झिदान, फोर्लान, मेस्सी आणि मॉड्रिच हे सहाही जण विश्वविजेते न ठरलेल्या संघातले, आणि फोर्लानचा उरुग्वे तर चौथा आलेला. २०१४ साली अंतिम सामना हरल्यावर तो ‘गोल्डन बॉल’ हातात घेऊन उभ्या असलेल्या मेस्सीचे छायाचित्र पाहावे. नको असलेली वस्तू कुणीतरी हातात कोंबल्यावर माणूस जसा उभा राहील, तसा तो उभा आहे.

पण इथे एक भेद करायला हवा, कारण ‘हरलेला’ या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळी नशिबे दडपली जातात. शेवटच्या पायरीवरून पडणे वेगळे आणि रोज तळमजल्यावर राहणे वेगळे. चार वर्षे एकही सामना न हरलेला पुश्काशचा हंगेरी १९५४ च्या अंतिम सामन्यात आठ मिनिटांत दोन गोलांनी पुढे गेला आणि पश्चिम जर्मनीकडून ३-२ असा हरला. १९७४ मध्ये क्रायफचा हॉलंड अंतिम सामन्यात हरला, आणि १९८२ मध्ये झिकोचा ब्राझील बार्सिलोनात इटलीकडून. या पराभवांना एक प्रकारचे ऐश्वर्य आहे. त्यांच्यावर भरभरून लिहिले जाते, आणि जिंकलेल्यांपेक्षा हरलेल्यांचीच आठवण जास्त हळवेपणाने काढली जाते. बॅजिओच्या वाट्याला मात्र हा हळवेपणाही उलटा आला. १९९४ च्या बाद फेऱ्यांत अंतिम सामन्यापर्यंत इटलीने केलेल्या सहा गोलांपैकी पाच एकट्याने करून त्याने संघाला तिथवर ओढत आणले, आणि लक्षात राहिली ती ब्राझीलविरुद्धच्या अंतिम सामन्याचा निकाल लावणाऱ्या पेनल्टींमधली, आडव्या दांड्यावरून गेलेली त्याची पेनल्टी. ती आत गेली असती तरी ब्राझीलची एक पेनल्टी शिल्लक होती, हे किती जणांना आठवते?

तळमजल्यावर राहणाऱ्यांचे काय? माझ्या मनात अशा वेळी मॅट ल टिसिए येतो. १९८६ ते २००२ ही सगळी वर्षे त्याने इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन या संघातच काढली. चषक एकही नाही. १९९३-९४ च्या हंगामात साउदॅम्प्टनने ४२ पैकी २३ लीग सामने गमावले, बावीस संघांमध्ये अठरावा क्रमांक मिळवला आणि खालच्या श्रेणीत घसरण्यापासून एका गुणाने जीव वाचवला. त्या हंगामात संघाचे एकूण गोल ४९. त्यातले २५ ल टिसिएचे. हे गुणोत्तर मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा आपली बेरीज चुकली असे वाटून पुन्हा मोजले होते. अंगाने थोडा सैल, धावण्याचा कंटाळा उघडपणे दाखवणारा हा माणूस चेंडू पायाशी आला की बचावपटूच्या डोक्यावरून अलगद उचलून देई, आणि पेनल्टीला उभा राहिला की गोलरक्षकाने पडायचे तेवढे सोपस्कार उरत: ४८ पैकी ४७ त्याने मारल्या.

त्याच्या कारकिर्दीची गोष्ट सांगताना लोक तिला एकाच वेळी निष्ठेचा दाखला आणि महत्त्वाकांक्षेच्या अभावाचा पुरावा म्हणून हजर करतात. मोठ्या संघात गेला असता तर काय झाला असता, हा प्रश्न तर प्रत्येकाच्या तोंडी. मला या प्रश्नात फारसा दम दिसत नाही. दुबळ्या संघाने त्याच्याकडून बरेच काही काढून घेतले हे खरे, पण दिलेही थोडके नाही. प्रत्येक फ्री-किक त्याची, प्रत्येक पेनल्टी त्याची, आणि काही सुचेना झाले की चेंडू त्याच्याकडे, हा तिथला रिवाज होता. चषक जिंकणाऱ्या संघात त्याला आधी मागे पळून चेंडू हिसकावायला सांगितले असते आणि फ्री-किक मारायला त्याच्याआधी रांगेत तिघे उभे असते. इंग्लंडकडून तो अवघे आठ सामने खेळला, त्यातच या शक्यतेचे उत्तर थोडेसे मिळते. तेव्हा हरणारा संघ खेळाडूला झाकतो तसा तो त्याला फुगवूनही दाखवतो, ही गोष्ट त्याच्या चाहत्यांनी (मी त्यातलाच एक) मान्य करायला हरकत नाही.

झाकणे आणि फुगवणे यांचे वाटपही जागेनुसार ठरते. गोलरक्षकाला दुबळा संघ मानवतो, कारण त्याला भरपूर काम मिळते. २०१४ च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध अमेरिकेच्या टिम हॉवर्डने पंधराएक फटके अडवले, संघ जादा वेळेत २-१ ने हरला, आणि त्या सामन्याचे नाव काढले की आजही पहिल्यांदा त्याचेच नाव निघते. याउलट बलाढ्य संघाचा एकच पराभव गोलरक्षकाला जन्मभर पुरू शकतो. १९५० साली माराकाना मैदानावर उरुग्वेचा दुसरा गोल खाणाऱ्या बार्बोसाला ब्राझीलने २००० साली तो मरेपर्यंत ते विसरू दिले नाही. आघाडीवीराची वेगळीच तऱ्हा: त्याच्याकडे चेंडूच येत नाही, पण आलेल्या तीन चेंडूंपैकी एक जाळ्यात गेला तर तो निदान दिसतो तरी. सर्वांत वाईट अवस्था बचावपटूची. पाच गोल खाल्लेल्या संघात एक अत्युत्तम सेंटर-बॅक होता, हे विधान कुणी ऐकूनही घेणार नाही, कारण तो नसता तर नऊ झाले असते हे दाखवायचे कसे? कायम हरणाऱ्या संघातून दंतकथा बनलेला बचावपटू मला शोधूनही सापडला नाही. (माझी स्वतःची केस यात धरू नये; मी होतो म्हणूनच पाच झाले होते.)

आणि चषकाचा हिशेब किती तोळामासा असतो, ते पाहायचे तर मेस्सीकडेच परत यावे लागते. २०१४, २०१५, २०१६ असे तीन वर्षांत तीन अंतिम सामने अर्जेंटिना हरली. तिसऱ्यात पेनल्टी आकाशात मारल्यावर त्याने देशासाठी खेळणे थांबवत असल्याचे जाहीरही करून टाकले होते. पुढे तो परतला, २०२१ मध्ये कोपा अमेरिका ही दक्षिण अमेरिका खंडाची स्पर्धा जिंकली आणि २०२२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना ३-३ असताना, जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणांत, फ्रान्सचा कोलो मुआनी गोलरक्षकासमोर एकटा सुटला. एमिलियानो मार्टिनेझने हातपाय पसरून झेप घेतली आणि चेंडू त्याच्या डाव्या पायाला लागून परतला. मेस्सी त्या वेळी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. तो पाय वीतभर इकडेतिकडे असता तर मेस्सीने त्याच सामन्यात केलेले दोन गोल तसेच राहिले असते आणि त्याच्याविषयीची वाक्ये मात्र ‘पण’ने सुरू झाली असती. एका माणसाचे आयुष्यभराचे मोजमाप दुसऱ्याच्या पायावर ठरावे, आणि आपण त्याला न्याय म्हणावे, याचे मला अजून नवल वाटते.

जॉर्ज वेआच्या वाट्याला असा पाय कधीच आला नाही. १९९५ चा बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा मान, मिळवणारा हा लायबेरियाचा खेळाडू. तो मान मिळवणारा आजवरचा एकमेव आफ्रिकी. मिलानकडून खेळताना त्याने दोनदा इटलीची लीग जिंकली, आणि १९९६ मध्ये व्हेरोनाविरुद्ध स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात चेंडू मिळवून तो अख्खे मैदान पार करत पलीकडच्या जाळ्यात नेऊन ठेवला. पाय तेच, पण देशाचा शर्ट चढवला की आजूबाजूला यादवीने पोखरलेल्या देशातला, पैसा नसलेला संघ. त्या संघाचा प्रवासखर्च आणि गणवेश वेआ स्वतःच्या खिशातून भागवत असे. आफ्रिकी चषकाच्या मुख्य स्पर्धेत लायबेरिया त्याच्या काळात दोनदा पोहोचली आणि दोन्ही वेळा गटातूनच परतली. २००२ च्या विश्वचषकाची पात्रता तिने नायजेरियाच्या मागे अवघ्या एका गुणाने गमावली.

पुढे तो राष्ट्राध्यक्ष झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याचा १४ क्रमांकाचा शर्ट निवृत्त करण्यासाठी राजधानी मन्रोव्हियात नायजेरियाविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना ठेवला, आणि वयाच्या ५१व्या वर्षी, देशाचा प्रमुख असताना, वेआ त्यात स्वतः खेळायला उतरला. तो ७९व्या मिनिटाला बाहेर आला तेव्हा सारे मैदान उभे राहिले होते. सामना लायबेरिया २-१ असा हरली.